विश्लेषण : समुद्राचा खारटपणा अवकाशातून कसा मोजतात? पुण्यातल्या डॉ. पिशारोटींच्या हिशेबाशी त्याचा संबंध काय?

अरबी समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा जास्त खारट आहे. अरबी समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३६ ग्रॅम क्षार असतात. उपसागराच्या उत्तर भागात पृष्ठभागावर ३३ ग्रॅमहूनही कमी. उपसागराला गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी मिळतं, हे एक कारण. दुसरं कारण बाष्पीभवन. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं.

हे उडालेलं पाणी आपल्या मान्सूनमध्ये किती असतं? १९६०च्या दशकात या प्रश्नाचा हिशेब मांडला डॉ. पी. आर. पिशारोटी यांनी.

कोण होते पिशारोटी?

जन्म १९०९चा, केरळमधल्या कोल्लेंगोडचा. मद्रासला भौतिकशास्त्र शिकवत आणि सुट्टीत बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्याकडे काम करत. १९४२ मध्ये ते हवामान खात्यात आले. पुढे अमेरिकेत डॉक्टरेट, मग कुलाबा-अलिबाग वेधशाळांचं संचालकपद. १९६२ मध्ये पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था (पाषाणची आजची आयआयटीएम) सुरू झाली, तिचे ते पहिले संचालक.

हिशेब काय होता?

विषुववृत्त ओलांडून येणारं बाष्प आणि पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरणारं बाष्प यांची त्यांनी १९६५ मध्ये तुलना केली. किनाऱ्यावरचा आकडा बराच मोठा निघाला. म्हणजे मधली भर अरबी समुद्राची, असा त्यांचा निष्कर्ष. नंतर जास्त निरीक्षणं मिळाली आणि पारडं दक्षिण गोलार्धाकडे झुकलं. पिशारोटी चुकले, असं म्हणणं सोपं आहे. पण तेव्हा भर समुद्रात मोजमापं होती किती?

पुढे ते अहमदाबादला अवकाश कार्यक्रमात गेले. केरळमधल्या रोगट नारळांची हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड छायाचित्रं घेण्याचा त्यांचा प्रयोग म्हणजे भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात मानली जाते. १९७० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मग खारटपणा कसा कळतो?

इंजिनीअरिंगला 'डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट' नुसता पाठ केलेल्यांनी (मीही त्यातलाच) इथे लक्ष द्यावं. प्रत्येक वस्तूप्रमाणे समुद्रही सूक्ष्मलहरी सोडतो. किती सोडतो, हे तापमानासोबत पाण्याच्या विद्युत गुणधर्मांवर ठरतं. मीठ वाढलं की पाण्याची वीजवाहकता वाढते आणि या लहरी किंचित मंदावतात. १.४ गिगाहर्ट्झच्या आसपास हा फरक टिपता येतो, पण एका किलोमागे एक ग्रॅम मीठ वाढल्यास संकेत बदलतो जेमतेम अर्धा-पाऊण अंश. त्यामुळे आधी प्रयोगशाळेत वेगवेगळ्या तापमानाच्या आणि खारटपणाच्या पाण्याचे विद्युत गुणधर्म काटेकोर मोजावे लागतात. तो तक्ता चुकला, तर उपग्रहाचं उत्तरही चुकतं.

१९७९च्या भारतीय 'भास्कर' उपग्रहावर सूक्ष्मलहरी मोजणारं उपकरण होतं. मात्र त्याच्या वारंवारता १९ आणि २२ गिगाहर्ट्झच्या; बाष्पासाठी योग्य, मिठासाठी नाही. खारटपणा मोजणारा युरोपचा 'स्मॉस' उपग्रह २००९ मध्ये अवकाशात गेला. पिशारोटी यांचं निधन त्याआधी सात वर्षं, २००२ मध्ये झालं होतं.