राज्यकारभाराची शेवटची पायरी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर

शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा हे गाव आणि नदीअलीकडील पेरणे येथील विजयस्तंभ आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी या स्तंभास मानवंदना दिली. त्याच वर्षी ते मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. त्यांच्या चरित्रातील लढे आपण नेहमी सांगतो. परंतु सरकारी कचेरी, नोकरभरती आणि सुधारणेची गती यांचा जो संबंध त्यांनी आयुष्यभर अभ्यासला, त्याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. या लेखात आम्ही तेवढाच धागा घेत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब परदेशी विद्यापीठांत शिकून १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. महाराज सयाजीराव उदार होते, नेमणूक वरच्या दर्जाची होती. तरीही कचेरीतील शिपाई कागद दुरूनच त्यांच्या टेबलावर फेकीत. शहरात राहावयास जागा मिळेना, म्हणून थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. राजाचा हुकूम शिपायाच्या हातापर्यंत पोहोचत नाही, हा राज्यकारभाराचा पहिला धडा त्यांना तेथे मिळाला.

दुसरा धडा महाडचा. सार्वजनिक पाणवठे, शाळा व धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या कराव्यात, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे कागदोपत्री खुलेही केले. मात्र पाणी घेऊ पाहणाऱ्यास संरक्षण देणारा कोणी नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी स्वतः तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्या ठरावास अर्थ आला. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव फिरविला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले.

तिसरा प्रश्न आपल्या गावांचा, म्हणजे महार वतनाचा. १८७४ च्या वतन कायद्याने महारांची गावकामगारी वंशपरंपरागत ठरविली होती. सरकारी टपाल व वसूल पोहोचविणे, रयतेस चावडीवर बोलावणे, हद्दी दाखविणे, आलेल्या अंमलदाराची सरबराई करणे, ही कामे रात्री-अपरात्रीही करावी लागत. मोबदला म्हणजे इनामाचा तुकडा आणि गावाच्या मर्जीवर असलेले बलुते. महसूल खात्याची ही सर्वांत खालची पायरी पगाराविना चालत होती. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा आणि ज्याला वतन सोडावयाचे असेल त्याला ते सोडता यावे, हा त्याचा गाभा होता. सरकारी विरोधामुळे १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. १९३७ साली त्यांनी हा प्रश्न पुन्हा मांडला. ही वतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोन वर्षांनी. कायद्यानंतरही आकारणीच्या तिप्पट रक्कम मुदतीत भरून जमीन नावावर करून घ्यावयाची होती; म्हणजे पुन्हा गाठ तलाठी व मामलेदार कचेरीशीच होती. शिरूर-दौंडकडील सात-बारा वाचताना हा इतिहास विसरता येत नाही.

म्हणूनच अधिकार हाती येताच बाबासाहेबांनी नोकरभरतीकडे लक्ष दिले. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४३ साली केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी सव्वाआठ टक्क्यांहून किंचित अधिक जागा राखून ठेवण्यात आल्या. पुढे संविधानाचा मसुदा मांडताना, त्यात कारभाराचा इतका तपशील कशासाठी, या आक्षेपास त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी उत्तर दिले. संविधानाचा शब्दही न बदलता केवळ कारभाराची रचना बदलून त्याचा आत्मा मारता येतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. लोकसेवा आयोग, नोकऱ्यांतील हक्क आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी विशेष अधिकारी यांच्या तरतुदींकडे या दृष्टीने पाहावे.

केवळ आपली माणसे खुर्चीवर बसली की सुधारणा आपोआप होते, असे मात्र आम्हांस म्हणावयाचे नाही. बडोद्याचा अनुभव तसे म्हणू देत नाही. तेथे खुर्चीवर खुद्द बाबासाहेबच होते. खालपासून वरपर्यंतची साखळी न्यायाने चालली पाहिजे, आणि त्या साखळीतील प्रत्येक कडीला आपल्या कामाची लाज किंवा भीती वाटता कामा नये.

आपल्या वसतिगृहातील अनेक मुले-मुली स्पर्धा परीक्षांची स्वप्ने पाहतात. त्यांतील कोणी उद्या तलाठी होईल, कोणी तहसीलदार. एखाद्या वृद्धेचा अर्ज त्यांच्या टेबलावर येईल, तेव्हा तो किती दिवस तेथे राहतो, यावरच बाबासाहेबांचे संविधान तिच्यापर्यंत किती वेगाने पोहोचले हे ठरेल. हे भान आपल्या विद्यार्थ्यांनी शाळेतूनच सोबत न्यावे, हीच महामानवास खरी आदरांजली होय.

जय भीम! नमो बुद्धाय!