सपाटीचे उपासक : जोसेफ व्हिटवर्थ

फळी सपाट आहे की नाही हे पाहण्यासाठी सुतार तिच्यावर पट्टी उभी धरतो आणि फटीतून उजेड दिसतो का, ते न्याहाळतो. पण ती पट्टीच सरळ आहे, हे कशावरून ठरवायचे? वाफेच्या यंत्रांच्या युगात हा प्रश्न फार महागात पडू लागला होता. झडपेची बैठक किंचित वाकडी असली तरी वाफ निसटे आणि कोळसा वाया जाई. या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी जगापुढे मांडले, ते जोसेफ व्हिटवर्थ.

त्यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे झाला. चौदाव्या वर्षी त्यांना मामांच्या सूतगिरणीत धाडण्यात आले. परंतु त्यांचे मन व्यापारात नव्हे, यंत्रांत रमले. गिरणी सोडून ते मँचेस्टरला साधे कारागीर म्हणून राबले आणि १८२५ मध्ये लंडनला हेन्री मॉडस्ली यांच्या नामांकित कारखान्यात दाखल झाले.

त्या काळी ओतीव लोखंडाच्या दोन लाद्या एकमेकींवर कुरुंदाची पूड घालून घासत. पूड सर्वत्र सारखी पसरत नसे. ती लोखंडात रुतून बसे आणि नको तेथे झीज होई. व्हिटवर्थ यांनी घासणे सोडून खरवडणे स्वीकारले. एका लादीला तेलात कालवलेला तांबडा रंग लावायचा, ती दुसरीवर टेकवून हलवायची. जेथे रंग उमटेल तेवढाच उंचवटा धारदार स्क्रेपरने खरवडायचा. पण दोनच लाद्या फसवतात. एक फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली, तरी त्या बेमालूम जुळतात! म्हणून तिसरी लादी हवी. तिघींपैकी कोणत्याही दोन जुळू लागल्या, लाद्या फिरवून ठेवल्या तरीही जुळू लागल्या, की मगच त्या सपाट मानायच्या. तुलनेसाठी आधीची एकही सपाट वस्तू नसताना येथे सपाटी जन्माला येते, ही या पद्धतीची खरी थोरवी होय. ही युक्ती मॉडस्ली यांच्याकडे पूर्वीपासून होती, असेही काही अभ्यासक मानतात. ते खरे असले तरी ती उघडपणे सर्वांपुढे ठेवण्याचे श्रेय व्हिटवर्थ यांचेच.

१८३३ मध्ये त्यांनी मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला. १८४० मध्ये ग्लासगो येथील विद्वानांच्या सभेत त्यांनी आपली पद्धत विशद केली. त्यांच्या दोन लाद्या एकीवर एक ठेवल्या की वरची आधी हवेच्या पातळ थरावर तरंगल्यासारखी घसरे. हवा निघून गेली की ती अशी चिकटे की वरची उचलताच खालचीही उचलली जाई. पुढे त्यांनी इंचाच्या दहा लाखाव्या भागाइतका फरक दाखवणारे मापनयंत्रही घडवले. १८४१ मध्ये त्यांनी सुचवलेल्या ५५ अंशांच्या आट्यांमुळे एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्या कारखान्याच्या नटात बसू लागला.

कीर्तीबरोबर संपत्तीही आली. १८६८ मध्ये त्यांनी होतकरू तरुण यंत्रज्ञांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्यांचे निधन झाले.

आज यंत्राच्या लांबलचक बैठकीची सपाटी तपासताना तिच्यावरून छोटा आरसा टप्प्याटप्प्याने सरकवतात आणि परतलेल्या प्रकाशकिरणाचा कल मोजतात. दोष सापडला, तर अचूक यंत्रांच्या बाबतीत अनेकदा कारागीर रंग लावून हातात स्क्रेपर घेतो. रंग मात्र आता बहुधा निळा असतो.