वॉल्टर ओवेन बेंटली

वॉल्टर ओवेन बेंटली यांचा जन्म १८८८ साली लंडनमध्ये झाला. रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी केलेल्या या तंत्रज्ञाने १९१९ मध्ये स्वतःच्या नावाची मोटार कंपनी काढली. फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत तिच्या गाड्यांनी १९२४ मध्ये, आणि पुढे १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षे जिंकली. पण शर्यतीच्या विजयाने कर्ज फिटत नसते. मंदीच्या लाटेत, १९३१ साली, कंपनी नावासकट रोल्स-रॉइसकडे गेली. १९३३ ची नवी बेंटली शांत, ऐषारामी निघाली. जुन्या चाहत्यांपैकी अनेकांची आशा मावळली. १९३६ मध्ये बेंटलीप्रेमींनी आपले मंडळ स्थापन केले. निर्माता मात्र १९३५ पासून लागोंडा कंपनीसाठी इंजिने घडवीत होता. १९७१ मध्ये ते निवर्तले. २००३ मध्ये बेंटली गाडीने ल मां पुन्हा जिंकली. तो दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.