माळीकाम करणाऱ्या एडी माबोंनी बदलायला लावला ऑस्ट्रेलियाचा जमिनीचा कायदा

पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन. बांध तोंडपाठ, झाडं आजोबांनी लावलेली. पण सरकारदरबारी कागद नाही. मग ती जमीन कुणाची? ऑस्ट्रेलियात या प्रश्नाचे जुने उत्तर ज्यांच्या दाव्यामुळे बदलले, ते एडी कोइकी माबो साधे माळीकाम करणारे होते.

माबो यांचा जन्म २९ जून १९३६ रोजी मेर बेटावर झाला. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीत हे छोटंसं बेट आहे. जन्मानंतर लवकरच आई वारली. मामा बेनी माबो यांनी बेटाच्या रीतीप्रमाणे त्यांना दत्तक घेतले. बेटावर घराण्याघराण्याची बागायत ठरलेली. हद्द म्हणजे कुठे दगड, कुठे झाड. दुसऱ्याच्या जमिनीत पाय टाकायचा नाही, हा मालो देवाचा नियम सगळे पाळायचे.

तरुणपणी माबो पोटापाण्यासाठी मुख्य भूमीवर आले. ऊसतोड केली, रेल्वेमार्गावर राबले. पुढे टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात माळी म्हणून लागले. तिथे इतिहासाचे अभ्यासक हेन्री रेनॉल्ड्स आणि नोएल लूस यांच्याशी ओळख झाली. बेटावरच्या आपल्या जमिनीविषयी ते भरभरून बोलायचे. एक दिवस या दोघांनी सांगितले, कायद्याने ती जमीन सरकारची आहे. माबो यांना धक्काच बसला.

असं का? इंग्रज आले तेव्हा ही भूमी बिनमालकीची होती, असे कोर्टं धरून चालत. १९७१ मध्ये उत्तर भागातल्या योलंगू लोकांचा खाणीविरुद्धचा दावा फेटाळला गेला. त्यांचे स्वतःचे नियम आहेत हे न्यायाधीशांनी मान्य केले, तरी जमिनीवरचा हक्क नाकारला.

२० मे १९८२ रोजी माबो आणि मेरच्या आणखी चौघांनी दावा लावला. तो चालू असतानाच क्वीन्सलँड सरकारने १९८५ मध्ये नवा कायदा केला. १८७९ मध्ये बेटे ताब्यात घेतली तेव्हाच जुने हक्क संपले आणि भरपाईही मिळणार नाही, असा तो कायदा. ऑस्ट्रेलियात सर्वांत वरच्या कोर्टाला हायकोर्टच म्हणतात. त्याने १९८८ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी हा कायदा उडवला. वंशभेदविरोधी कायद्यात तो बसत नव्हता.

खरा घाव १९९० मध्ये बसला. पुरावे तपासणाऱ्या न्यायाधीशांनी बेनी यांचा वारस म्हणून माबो यांनी सांगितलेला हक्क मान्य केला नाही. ज्यांच्या नावाने दावा, त्यांचाच हक्क सिद्ध झाला नाही! तरी बेटाचा दावा पुढे चालला.

२१ जानेवारी १९९२ रोजी कर्करोगाने माबो गेले. वय ५५. अवघ्या साडेचार महिन्यांत, ३ जून १९९२ रोजी, हायकोर्टाने ६ विरुद्ध १ मतांनी निकाल दिला. भूमी बिनमालकीची नव्हती, मेरची जमीन मेरियम लोकांची आहे. पुढच्याच वर्षी देशभरासाठी मूळ रहिवाशांच्या जमीनहक्काचा कायदा झाला.

पण कायदा झाला म्हणजे जमीन मिळाली असे नाही. जुन्या चालीरीती न तुटता चालू आहेत, हे दावेदारांनी सिद्ध करायचे. गोऱ्यांनी ज्यांना जमिनीवरून हुसकावले, त्यांनी ते कसे दाखवायचे? २००२ मध्ये योर्टा योर्टा लोक याच मुद्द्यावर हरले. कोर्टाने कायद्याचा अर्थ कसा लावला, त्यावर एकाला जमीन मिळाली आणि दुसरा रिकाम्या हाताने परतला.

१९९५ मध्ये टाउन्सव्हिल इथली माबो यांची कबर कुणीतरी विद्रूप केली. मग कुटुंबाने त्यांना मेर बेटावरच्या लास या जन्मगावी नेऊन पुन्हा दफन केले. दरवर्षी ३ जूनला तिकडे माबो दिन पाळतात.