विश्लेषण : फोनवरच्या ‘कॅलरी बर्न’ आकड्यामागचे शास्त्रज्ञ लॅव्हाझिए गिलोटिनवर का गेले?

सकाळी चालून आल्यावर फोन सांगतो : पावले 10 हजार, कॅलरी 340. यातली पावले फोनने खरेच मोजलेली असतात. आतला ॲक्सिलरोमीटर प्रत्येक पावलाचा हिसका टिपतो. कॅलरी मात्र मोजलेल्या नसतात, हिशेबाने काढलेल्या असतात. तो हिशेब ज्या कल्पनेवर उभा आहे, ती 230 हून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये प्रयोगाने दाखवणारे अंत्वान लॅव्हाझिए आपल्याला शाळेत भेटलेले असतात, ते द्रव्य अक्षय्यतेच्या नियमात. चालण्याशी त्यांचा असलेला संबंध पाठ्यपुस्तकात येत नाही.

कोण होते लॅव्हाझिए?

जन्म 26 ऑगस्ट 1743, पॅरिस. घर सुखवस्तू, वडील वकील. पाच वर्षांचे असताना आई गेली आणि तिच्याकडची बरीच संपत्ती वारशाने आली. त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. 1768 मध्ये वयाच्या पंचविशीत त्यांच्या आयुष्यात दोन गोष्टी घडल्या. फ्रेंच विज्ञान अकादमीत निवड झाली आणि ‘फर्म जनराल’ या खासगी करवसुली कंपनीत त्यांनी भागीदारी घेतली. आपल्याकडे इजारा असे, तसाच हा प्रकार. सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि मीठ, तंबाखू, जकातीचा कर लोकांकडून वसूल करायचा. पहिल्या गोष्टीने नाव दिले, दुसरीने प्रयोगशाळेचा खर्च भागवला. शेवटी जीवही दुसरीनेच घेतला.

1771 मध्ये त्याच कंपनीतील भागीदार पोल्झ यांची मुलगी मारी-आन हिच्याशी त्यांचे लग्न झाले. ती तेव्हा 13 वर्षांची होती, ते 28 वर्षांचे. पुढे ती इंग्रजी शिकली, नवऱ्यासाठी रसायनशास्त्रावरील ग्रंथांची भाषांतरे केली, चित्रकला शिकून त्यांच्या उपकरणांची चित्रे काढली. आजच्या भाषेत ती त्यांची सहसंशोधक होती, पण तसा मान तिला तेव्हा मिळाला नाही.

गिनीपिग आणि बर्फ

1782-83 च्या हिवाळ्यात लॅव्हाझिए आणि गणितज्ञ लाप्लास यांनी एकात एक बसणारी भांडी बनवली. सर्वात आत गिनीपिग, त्याभोवती बर्फ आणि बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून त्याबाहेर बर्फाचा आणखी एक थर. प्राण्याच्या उष्णतेने आतला बर्फ वितळला की पाणी खाली गोळा करून तोलायचे. दहा तासांत साधारण 13 औंस बर्फ वितळला. मग त्यांनी गिनीपिग उच्छ्वासातून किती कार्बन डायऑक्साइड सोडतो ते पाहिले आणि तेवढाच वायू देणारा कोळसा जाळला तर किती बर्फ वितळेल याचा हिशेब केला. उत्तर साडेदहा औंसांच्या आसपास आले.

दोन्ही आकडे तंतोतंत जुळले नाहीत, पण निष्कर्षाला पुरेसे जवळ होते : श्वसन म्हणजे मंद ज्वलन. जठराग्नी हा शब्द आपल्याकडे जुनाच, पण तो अग्नी तोलता येतो हे इथे दिसले. ‘कॅलरी जाळणे’ हा आज जिममध्ये सहज वापरला जाणारा शब्दप्रयोग या अर्थाने अगदी शब्दशः खरा आहे. हे ज्वलन फुप्फुसात होते असे लॅव्हाझिए मानत होते. ते शरीरभर पेशींमध्ये होते, हे पुढच्या शतकात कळले.

माणसावरचा प्रयोग

1789-90 मध्ये, बाहेर क्रांतीचा भडका उडालेला असताना, तरुण सहकारी आर्मां सेगँ तोंडावर मुखवटा लावून प्रयोगाला बसला. उपाशीपोटी आणि स्वस्थ बसून त्याला तासाला सुमारे 24 लिटर ऑक्सिजन लागला. थंडीत 26 ते 27 लिटर. जेवण पचत असताना 37 च्या वर. साधारण सात किलो वजन पावतासात 200 मीटर उंच जाईल इतके काम उपाशीपोटी केले, तेव्हा तो वेग तासाला 63 लिटरवर गेला. जेवून तेच काम केले तेव्हा 91 लिटरवर. आजच्या मोजमापांच्या तुलनेत 24 हा आकडा बराच जास्त वाटतो. पण महत्त्वाचे आहे ते प्रमाण : काम केले की ऑक्सिजनचा खप अडीच पटींहून अधिक झाला.

आजचे ॲप हेच प्रमाण वापरते. स्वस्थ बसलेल्या माणसाला दर किलो वजनामागे मिनिटाला साडेतीन मिलिलिटर ऑक्सिजन लागतो असे धरतात. याला एक ‘मेट’ म्हणतात. म्हणजे दर किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी (आहारातली, अर्थात किलोकॅलरी). ताशी पाच किलोमीटरने सपाटीवर चालणे म्हणजे सुमारे साडेतीन मेट. वजन 70 किलो आणि पाऊल 70 सेंटिमीटरचे असेल, तर 10 हजार पावले म्हणजे सात किलोमीटर, वेळ 1.4 तास. 3.5 गुणिले 70 गुणिले 1.4, म्हणजे 343. पण यातल्या 98 कॅलरी सोफ्यावर बसूनही खर्च झाल्याच असत्या. चालण्याची निव्वळ कमाई 245. वडापाव खाण्याआधी हा दुसरा आकडा पाहावा. आणि फोनमध्ये वजन चुकीचे भरले असेल, तर पावले कितीही अचूक असोत, उत्तर चुकणारच.

मग गिलोटिन का?

या प्रयोगांवरील निबंधात लॅव्हाझिए यांनी एक अस्वस्थ करणारा मुद्दा मांडला होता. अंगमेहनत करणाऱ्याचे शरीर जास्त जळते, त्यामुळे त्याला अन्नही जास्त लागते. प्रत्यक्षात समाजात मात्र ते त्यालाच कमी मिळते. हे लिहिणारा माणूस त्याच मजुराच्या मिठावर कर वसूल करणाऱ्या कंपनीचा भागीदार होता. तस्करी रोखून जकात वाढावी म्हणून पॅरिसभोवती भिंत बांधण्याची कल्पनाही त्यांचीच. शहर त्या भिंतीवर चिडून होते. क्रांतिकारक पत्रकार मारा यांनी 1791 मध्ये त्यांच्यावर उघड हल्ला चढवला.

नोव्हेंबर 1793 मध्ये भागीदारांना अटक झाली. तंबाखूत पाणी मिसळून लोकांना लुबाडल्याचा आरोपही ठेवण्यात आला. 8 मे 1794 रोजी खटला चालला आणि त्याच दिवशी 28 जणांचा शिरच्छेद झाला. लॅव्हाझिए 50 वर्षांचे होते. मारी-आनने एकाच दिवशी नवरा आणि वडील गमावले.

सेगँ वाचला. कातडे झटपट कमावण्याची पद्धत काढून, क्रांतीच्या सैन्याला चामडे पुरवून तो गडगंज झाला. सीन नदीतल्या एका बेटाला आजही त्याचे नाव आहे. मारी-आनने नवऱ्याचे निबंध प्रसिद्ध केले आणि 1805 मध्ये रमफोर्ड यांच्याशी लग्न केले. उष्णता हा ‘कॅलरिक’ नावाचा पदार्थ आहे, या लॅव्हाझिए यांच्या समजुतीला तोफा कोरण्याच्या प्रयोगातून धक्का देणारे हेच ते रमफोर्ड. लग्न टिकले नाही. कॅलरिकही टिकले नाही; त्याच लॅटिन मुळातून आलेला ‘कॅलरी’ शब्द मात्र फोनपर्यंत पोहोचला. सेगँच्या श्वसनप्रयोगांची मारी-आनने काढलेली चित्रे उपलब्ध आहेत. त्यांत एका बाजूला टेबलाशी बसून आकडे टिपणारी बाई दिसते, ती म्हणजे ती स्वतःच.