पंचांगाचे इतिहासकार : कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

गुढीपाडव्यास पंचांगाचे पूजन व वर्षफलाचे श्रवण झाल्याखेरीज ज्यांच्या घरी नव्या वर्षाचा आरंभ होत नाही, अशी अनेक कुटुंबे आपल्या मंडळात आहेत. यवतमाळसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात तर पंचांगाचा संबंध केवळ देवघराशी नसून शेताशीही आहे. मृग कधी लागते, त्याचे वाहन कोणते, पोळ्याची अमावास्या कोणत्या वारी येते, याची चौकशी येथे ब्राह्मणाच्या ओसरीपासून कुणब्याच्या बांधापर्यंत सर्वत्र होत असते. पंचांगावर श्रद्धा ठेवणारे पुष्कळ. परंतु ते कसे घडले, त्यातील कोणती गोष्ट किती जुनी व त्यात चूक शिरली तर ती कशी काढावी, याचा आयुष्यभर शोध घेणारे विरळा. अशा विरळा पुरुषांत कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे स्थान अग्रभागी आहे. आपल्या ज्ञातीतील या थोर ज्योतिर्विदाचे चरित्र तरुण पिढीस परिचित व्हावे, एवढ्याच हेतूने हा अल्प प्रयत्न केला आहे.

दीक्षितांचा जन्म इ. स. १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात मुरूड या गावी झाला. महर्षी अण्णासाहेब कर्वे यांच्या बालपणामुळे प्रसिद्धीस आलेले मुरूड ते हेच. घरची स्थिती बेताची असल्यामुळे महाविद्यालयाची पदवी दीक्षितांच्या वाट्यास आली नाही. गावच्या शाळेतील शिक्षण आटोपल्यावर ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले, पुढे मॅट्रिक झाले आणि शाळाखात्यात शिक्षक म्हणून रुजू झाले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे व अखेरीस पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज, असा त्यांच्या नोकरीचा प्रवास झाला. मुलांची बुद्धी तल्लख व्हावी म्हणून त्यांनी ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’ लिहिली, आणि आकाशातील चमत्कार सामान्य वाचकास सुबोध व्हावेत म्हणून ‘ज्योतिर्विलास’ हा रसाळ ग्रंथ रचिला. दिवसा शाळा व रात्री आकाशाचे अवलोकन आणि जुन्या पोथ्यांचे वाचन, असा हा शिक्षकाचा संसार होता.

दीक्षित ज्या काळी या विषयाकडे वळले, तो काळ पंचांगाच्या दृष्टीने मोठ्या गोंधळाचा होता. महाराष्ट्रात पंचांगे बहुधा ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून करीत. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी हा ग्रंथ शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास रचिला. त्रिकोणमितीतील ज्या-कोष्टकांचा उपयोग न करता ग्रहांचे गणित साधावे, ही त्याची खुबी. म्हणूनच तो गावोगावच्या जोश्यांच्या हाती टिकून राहिला. परंतु साडेतीन शतकांत त्या गणितात अंतर पडत गेले आणि ग्रहणाच्या वेळा प्रत्यक्षाशी जुळेनात. तेव्हा कै. केरो लक्ष्मण छत्रे यांनी पाश्चात्त्य वेधांच्या आधारे ग्रहसाधनाची कोष्टके तयार केली, आणि १८६५ पासून तदनुसार नवे पंचांग निघू लागले. पटवर्धनी पंचांग म्हणून ते ओळखले जाई. एकाच गावात दोन पंचांगे आल्यामुळे एका घरची एकादशी आज तर शेजारच्या घरची उद्या, असे प्रसंग येऊ लागले.

याहूनही मूलगामी प्रश्न विसाजी रघुनाथ लेले यांनी उपस्थित केला होता. तो थोडक्यात असा : आपले वर्ष सूर्य एका नक्षत्रापासून निघून पुन्हा त्याच नक्षत्रास येईपर्यंतचे आहे. उन्हाळा-पावसाळा मात्र सूर्याच्या उत्तर-दक्षिण गतीवर अवलंबून असतो, आणि हे ऋतूंचे वर्ष नक्षत्रवर्षाहून सुमारे वीस मिनिटांनी लहान आहे. सूर्यसिद्धान्तातील वर्षमान तर त्याहून सुमारे चोवीस मिनिटांनी मोठे आहे. वर्षाकाठी मिनिटांचे हे अंतर साठ-सत्तर वर्षांत एका दिवसाचे होते. म्हणून ज्या मकरसंक्रांतीस आपण उत्तरायणाचा आरंभ मानतो, ती आज १४ किंवा १५ जानेवारीस येते. प्रत्यक्ष उत्तरायण मात्र २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेले असते. सण ऋतूंसाठी असतील, तर वर्षही ऋतूंचेच, म्हणजे सायन, असले पाहिजे, असे लेले यांचे प्रतिपादन होते.

दीक्षितांना हा पक्ष पटला. लेले व ठाण्याचे जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह त्यांनी सायन पंचांग प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. मधु, माधव इत्यादी वैदिक मासनामे वसंतादी ऋतूंचीच आहेत, तेव्हा ऋतूंशी वर्ष बांधणे ही नवी कल्पना नसून अतिप्राचीन श्रौत कल्पना होय, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु सायन गणिताने अधिकमास वेगळे पडत, आणि त्यामुळे काही वर्षी सर्व सण रूढ काळाच्या एक महिना आधी येत. एवढा पालट समाजास मानवला नाही. सायन पंचांग अल्पसंख्य अनुयायांपुरतेच राहिले. दीक्षितांनी मात्र लोक ऐकत नाहीत म्हणून आपले मत लपविले नाही, आणि विरुद्ध पक्षाच्या मताचा विपर्यासही कधी केला नाही. त्यांच्या स्वभावाचे हे वैशिष्ट्य आजच्या वादपटूंनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या वादातून त्यांच्या हातून एक चिरस्थायी कार्य घडले. पंचांगाच्या इतिहासावरील ग्रंथासाठी दक्षिणा प्राइज कमिटीने पारितोषिक जाहीर केले होते. दीक्षितांनी त्या निमित्ताने जो ग्रंथ सिद्ध केला, त्यास पारितोषिक मिळाले. आणि तोच वाढवून १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या भागात वैदिक व वेदांग काळाचा विचार असून दुसऱ्या भागात सिद्धान्तकाळातील गणित, संहिता व जातक या तिन्ही स्कंधांचा इतिहास आहे. शेकडो ज्योतिषी, त्यांचे ग्रंथ, काळ व कुलवृत्तान्त त्यांनी एकत्र केले. वेदांगज्योतिषातील कित्येक दुर्बोध श्लोकांचा अर्थ लावला. वेदांत नक्षत्रे आहेत, पण आपले सात वार व मेषादी राशी नाहीत, हे त्यांनी निःसंकोचपणे नमूद केले. आपली परंपरा प्रिय असूनही तीत जे नाही ते आहे असे म्हणावयाचे नाही, ही शिस्त त्यांनी पाळली.

त्यांच्या गणिताची कसोटी शिलालेखांवरही लागली. गुप्तसंवताचा आरंभ केव्हा, याविषयी त्या काळी विद्वानांत तीव्र मतभेद होते. डॉ. फ्लीट हे गुप्तांचे लेख संपादित करीत असता तिथिगणिताचे काम दीक्षितांनी केले. मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा स्तंभलेख आहे. त्यावर संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार अशी मिती कोरलेली आहे. गुप्तसंवत् शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाला, असे अल्बेरुणीने लिहून ठेवले होते. त्यास धरून दीक्षितांनी गणित केले, तेव्हा ती तिथी २१ जून ४८४ रोजी आली आणि वारही नेमका गुरुवारच निघाला! वारासह मिती देणारा इतका प्राचीन लेख भारतात क्वचितच सापडतो. अशा रीतीने बार्शीच्या शाळेतील एका शिक्षकाच्या गणिताने सम्राटांचा काळ निश्चित होण्यास साहाय्य झाले.

शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असा उल्लेख आहे. कृत्तिका ठीक पूर्वेस उगवत असतील, तर तो काळ इ. स. पूर्वी सुमारे तीन हजार वर्षांचा ठरतो, असे दीक्षितांनी दाखविले. या अनुमानाविषयी विद्वानांत आजही एकमत नाही. परंतु त्या वादात त्यांचे गणित विचारात घ्यावेच लागते. १८९६ मध्येच मद्रास इलाख्यातील अधिकारी रॉबर्ट सिवेल यांच्या सहकार्याने त्यांनी इ. स. ३०० ते १९०० पर्यंतच्या हिंदू व मुसलमानी तारखा इसवी सनात रूपांतरित करण्याची कोष्टके इंग्रजीत प्रसिद्ध केली. ताम्रपट-शिलालेखांच्या अभ्यासकांना ती अत्यंत उपयुक्त ठरली.

दुर्दैवाने हे यश पाहावयास दीक्षित फार दिवस राहिले नाहीत. १८९८ मध्ये, वयाची पंचेचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागे पंचांगशोधनाचे कार्य थांबले नाही. लोकमान्य टिळकांच्या काळात १९०४ मध्ये मुंबईस पंचांगपरिषद भरली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली भारत सरकारने पंचांगसुधारणा समिती नेमली. तीत आपल्या विदर्भातील नागपूरचे डॉ. केशव लक्ष्मण दप्तरी हेही सभासद होते. समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र शके १८७९, पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष ऋतूंशी बांधलेले, म्हणजे सायन आहे. घरचे सण आपण अद्यापि निरयण मानानेच करतो. तथापि राष्ट्राच्या सौर वर्षापुरता दीक्षितांचा पक्ष मान्य झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. त्यांच्या ग्रंथाचे पुढे हिंदीत व इंग्रजीत भाषांतर झाले, आणि मराठीत लिहिलेला एक शास्त्रीय ग्रंथ सर्व भारताचा संदर्भग्रंथ ठरला.

हा प्रश्न केवळ पंडितांचा आहे, असे आपल्या जिल्ह्यातील वाचकांनी समजू नये. सूर्य मृग नक्षत्रात ७-८ जूनच्या सुमारास येतो, आणि पावसाची वाट पाहत आपला शेतकरी सरकीच्या पेरणीची तयारी करतो. वराहमिहिराच्या काळी, आजच्या तारखांनी पाहू गेल्यास, सूर्य मृगात येई तो मे महिन्याच्या मध्यास. आणखी दोन हजार वर्षांनी तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात येईल. पाऊस मात्र नक्षत्राकडे पाहून येत नाही. तेव्हा मृग आणि पेरणी यांची जी सांगड आपण सनातन समजतो, ती मधल्या काही शतकांपुरती आहे, हे उघड होते.

हे ऐकून कोणाच्या श्रद्धेस धक्का बसण्याचे कारण नाही. पूर्वी उत्तरायण धनिष्ठांत होत असे व आपल्या काळी ते मकरारंभी होते, हा फरक स्वतः वराहमिहिराने पाहिला व लिहून ठेवला. गणेश दैवज्ञांचे वडील केशव दैवज्ञ यांनी प्रत्यक्ष वेध घेऊन जुन्या ग्रंथांतील अंतर तपासले, आणि पुत्राने तोच मार्ग चालविला. आकाशाकडे पाहून पोथी सुधारणे हीच आपल्या ज्योतिषाची खरी परंपरा होय. ती परंपरा दीक्षितांनी पुराव्यानिशी आपल्यापुढे मांडली. त्यांचे सायन मत स्वीकारावे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु प्रत्येक ज्ञातिबांधवाने व भगिनीने निदान एवढे करावे, की येत्या पाडव्यास पंचांगाचे पूजन झाल्यावर ते मुलांपुढे उघडावे, तिथी, नक्षत्र व संक्रांत म्हणजे काय ते त्यांस समजावून सांगावे, आणि रात्री अंगणात नेऊन आकाशाशी ते ताडून पाहावयास शिकवावे. त्या मुरूडच्या शिक्षकास याहून उचित अशी दुसरी श्रद्धांजली नाही.