सैतानाला गाणे नसते

इ.स. ११७८. जर्मनीत ऱ्हाइनकाठी बिंगेन गावाजवळच्या रूपर्ट्सबर्ग मठातले गाणे एकाएकी थांबले. ठरावीक प्रहरी नन सुरात म्हणत असत, त्या प्रार्थना बंद दारांआड हलक्या आवाजात होऊ लागल्या. कम्युनियनही बंद झाले. ही शिक्षा माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांची होती आणि मठाची प्रमुख हिल्डेगार्ड तेव्हा ऐंशी वर्षांची होती.

तिचा अपराध एवढाच, की एके काळी धर्मबहिष्कृत असलेल्या माणसाला तिने मठाच्या दफनभूमीत जागा दिली. प्रेत उकरून बाहेर टाका, असा हुकूम आला. मरणापूर्वी त्याने पापांची कबुली दिली होती, चर्चने त्याला पुन्हा जवळ केले होते, म्हणून तिने साफ नकार दिला.

हे धैर्य एका दिवसात आलेले नव्हते. १०९८ साली सरदार घराण्यात जन्मलेली ही मुलगी आईवडिलांनी देवाला वाहिली. १११२ मध्ये डिझिबोडेनबर्गच्या मठालगत युटा नावाच्या तपस्विनीबरोबर तिने भिंतींआडचे आयुष्य पत्करले. लहानपणापासून तिला जागेपणी, उघड्या डोळ्यांनी एक दिव्य प्रकाश दिसे. त्याविषयी ती फारसे बोलत नसे. ११४१ मध्ये, बेचाळीस वर्षे उलटल्यावर, अंतरीच्या आज्ञेने तिने लिहायला घेतले. पहिल्या ग्रंथाला, 'स्किवियास'ला, दहा वर्षे लागली. पोप तिसरे युजीन यांनी तिच्या लेखनाला मान्यता दिली. पुढे मठाधिपतींचा विरोध असतानाही ११५० च्या सुमारास ती आपल्या ननना घेऊन रूपर्ट्सबर्गला आली. तिने वनस्पती आणि रोगांवर लिहिले, सम्राट फ्रेडरिक बार्बारोसालाही पत्रातून खडसावले, सत्तरहून अधिक गीते रचली. तिच्या संगीतनाटकात सद्गुण गातात. सैतान मात्र नुसता ओरडतो. त्याला सूरच नाही!

म्हणूनच ती शिक्षा तिच्या वर्मी लागली. तरी गाण्यावरची बंदी तिने पाळली, कबर मात्र उकरली नाही. धर्माधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात तिने बजावले, की गाणे ही माणसाने गमावलेल्या स्वर्गाची आठवण आहे. ते विनाकारण बंद पाडणाऱ्यांना देवदूतांच्या स्तुतिगानात स्थान मिळणार नाही.

मार्च ११७९ मध्ये बंदी उठली. मठ पुन्हा गाऊ लागला. १७ सप्टेंबरला हिल्डेगार्डने डोळे मिटले. २०१२ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी तिला चर्चच्या आचार्यांत स्थान दिले. हा मान मिळालेली ती चौथी स्त्री.

तिची गीते आज जगभर गायली जातात. ऐकताना एवढे लक्षात ठेवावे, की एका मृताची विटंबना होऊ नये म्हणून ही बाई स्वतःचे गाणे गमवायला तयार झाली होती.